हाका ऐकण्यापेक्षा अवशेष शोधा: परग्रहींची स्मारकं उरतील तरी का?

ध्रुवमत्स्य:
परग्रहवासीयांचा शोध म्हटला की आपण रेडिओ दुर्बिणी लावून कान टवकारून बसतो. १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी दोन ताऱ्यांकडे दुर्बीण वळवली तेव्हापासून बहुतेक भर यावरच आहे. आता हिशेब बघा. आपली आकाशगंगा १३ अब्ज वर्षांच्या आसपासची आणि तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला प्रकाश जायला साधारण १ लाख वर्षं लागतात. कुणी ५० लाख वर्षांपूर्वी संपलं असेल तर त्यांचा शेवटचा संदेशही आपल्याला ओलांडून केव्हाच गेला. बांधकाम मात्र जागेवर असेल. त्याच १९६० साली फ्रीमन डायसन यांनी सुचवलं होतं की ताऱ्याभोवती ऊर्जा गोळा करणारी प्रचंड रचना असेल तर ती तापेल आणि अवरक्त किरणांत दिसेल. मालक जिवंत असो वा नसो, उष्णता दिसणारच. माझं म्हणणं, मेलेल्यांना शोधा. तेच संख्येने जास्त असणार.

उष्माविरोधी:
'जागेवर असेल' हे कशावरून? ताऱ्याभोवती अखंड कवच बांधलं तर पोकळ गोलाच्या आत ताऱ्याचं एकूण खेचणं शून्य होतं, म्हणजे कवच जरासं सरकलं की त्याला परत मध्यावर आणणारं काहीच नाही. सावरणारा नसला की एक दिवस ते ताऱ्यावर आदळणार. डायसन यांना कवच नकोच होतं, सुट्ट्या तुकड्यांचा थवा अपेक्षित होता. पण थव्यातले तुकडेही एकमेकांच्या ओढीने हळूहळू वाट सोडतात. दोन आपटले की हजार तुकडे, मग ते हजार आणखी कुणावर. शेवटी भुगा, आणि त्यातला बारीक भाग ताऱ्याचा प्रकाशच ढकलून बाहेर लावतो. देखभाल थांबली की स्मारकही थांबलं.

आणि तो गाजलेला तारा आठवतो ना, केआयसी ८४६२८५२? केप्लर दुर्बिणीला त्याचा उजेड मधूनच २२ टक्क्यांपर्यंत घटलेला दिसला. गुरूएवढा ग्रह आड आला तर अशा ताऱ्याचा १ टक्काही झाकला जात नाही. २०१५ मध्ये हे बाहेर आल्यावर 'महारचना' म्हणून केवढा गाजावाजा झाला! पुढच्या निरीक्षणांत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त अडतो असं दिसलं. भरीव भिंत सगळे रंग सारखेच अडवते. म्हणजे धूळ.

रात्रपाळी:
धूळच, पण कुणाची? तुम्हीच वर म्हणालात की शेवटी भुगा उरतो. :)

उष्माविरोधी:
@रात्रपाळी, छान. म्हणजे भिंत दिसली तरी तुम्ही जिंकलात आणि धूळ दिसली तरी तुम्हीच.

ध्रुवमत्स्य:
ताऱ्याएवढ्या भिंतीच हव्यात असं मी कुठे म्हटलं? टिकायचं असेल तर साधं काहीतरी ठेवावं. आपणच ठेवलंय की. १९७६ चा लेजिऑस उपग्रह हा सुमारे ६० सेंटिमीटरचा जड गोळा, आरसे लावलेला, इंजिन नाही की बॅटरी नाही. सुमारे ५,९०० किलोमीटर उंचीवर तो ८० लाख वर्षं फिरत राहील असा अंदाज आहे, म्हणून त्यात भविष्यातल्या वाचकासाठी एक पत्राही ठेवलाय. हे आपलं, अंतराळयुग सुरू होऊन वीस वर्षंही झाली नव्हती तेव्हाचं!

दुसरा मार्ग, ताऱ्यातच खूण टाकणं. टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचं सर्वांत दीर्घायुषी रूपही साधारण ४२ लाख वर्षांत निम्मं होतं. सूर्यासारख्या ताऱ्याच्या वर्णपटात ते दिसलं, तर कुणीतरी अलीकडेच ओतलं असणार.

उष्माविरोधी:
लेजिऑस हजार प्रकाशवर्षांवरून दिसणार नाही, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. टेक्नेशियमचं उदाहरण मात्र तुमच्यावरच उलटतं. पॉल मेरिल यांना ते १९५२ मध्ये ताऱ्यांत खरोखर सापडलं. तांबड्या राक्षसी ताऱ्यांत. ते तारे स्वतःच्या पोटात ते बनवतात हे कळलं आणि अणूंच्या जन्माविषयी फार मोलाची गोष्ट हाती लागली. तेव्हा कुणी 'स्मारक' म्हणून हात जोडले असते तर ती गेली असती.

आकडेमोड:
मध्येच बोलतो. शोध झालाच नाही असं नाही. २०१५ मध्ये अवरक्त नोंदींतून सुमारे १ लाख दीर्घिका तपासल्या. ताऱ्यांचा बहुतेक प्रकाश कुणीतरी वापरून उष्णता सोडतंय अशी एकही खात्रीने मिळाली नाही. २०२४ मध्ये ५० लाख तारे चाळून ७ संशयित निघाले. त्यांतल्या तिघांच्या जागी लगेच रेडिओ स्रोत सापडले. बहुधा मागे धुळीत दडलेल्या दूरच्या दीर्घिका असाव्यात. यात नवी दुर्बीण बांधावी लागली नाही, नोंदी आधीच पडून होत्या. मग तपासायला काय जातं?

उष्माविरोधी:
काहीच जात नाही, तपासा. फक्त काय दिसलं तर 'बांधलेलं' म्हणायचं ते आधी लिहून ठेवा.

ध्रुवमत्स्य:
लिहितो. एकाच ताऱ्यावर तिन्ही गोष्टी हव्यात: सगळ्या रंगांत सारखी घट, आड येणारी सावली गोल नसून कोनदार, आणि जोडीला अवरक्त उष्णता.

उष्माविरोधी:
मान्य. आता पहिल्या पोस्टमधला मालक मेलेलाच ठेवा आणि सांगा, लाखो वर्षं आपटून झाल्यावर त्या सावलीला कोन कसे उरले?

रात्रपाळी:
मेला, पण गेल्या आठवड्यात?