मदत हवी आहे: केलॉइड (जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड, कडक व्रण) काढल्यावर परत वाढू नये म्हणून काय करता?

रावेरहून लिहितेय. लहान भावाच्या खांद्यावरचा केलॉइड नुकताच ऑपरेशन करून काढला. टाके निघाले, पण एका टोकाला व्रण परत लालसर, कडक लागतोय आणि रात्री खाजतो. नुसतं कापून काढलं तर केलॉइड बहुतेकदा परत येतो, म्हणून सर्जननी दर 4 ते 6 आठवड्यांनी ट्रायॲमसिनोलोनची (एक स्टेरॉइड) इंजेक्शनं आणि दिवसाला किमान 12 तास व्रणावर चिकटवायची सिलिकॉन शीट सांगितलीय. इंजेक्शनं जाम दुखतात, तरी ती तो घेईल. अडलंय शीटपाशी. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. दुपारपर्यंत घामाने कडा सुटतात, खाली घामोळं येतं. शीटऐवजी सिलिकॉन जेल लावून कोणाला गुण आला का?

दुसरं, तो केळी कापणीला जातो, घड त्याच खांद्यावर. ताण पडला की व्रण वाढतो, मग किती महिने थांबावं? (मालक थांबेल का, हा वेगळाच प्रश्न.)

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात केलॉइड नेहमी बघणारे त्वचारोगतज्ज्ञ माहीत असतील तर सांगा. हळद-कोरफड कृपया नको, आजीचं ते सगळं करून झालंय.