एएएस करून बॅचलर्सला जाताना किती क्रेडिट्स खरोखर कामी येतात?

प्रश्न
अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमध्ये इलेक्ट्रॉनिक्स टेक्नॉलॉजीचा दोन वर्षांचा एएएस (असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स ही पदवी) चालू आहे, एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर. एकूण 64 क्रेडिट्स, त्यातली 41 तांत्रिक विषयांची. तिसरं सेमिस्टर संपत आलंय. पुढच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर ‘60 क्रेडिट्सपर्यंत स्वीकारतो’ असं लिहिलंय. मग थेट तिसऱ्या वर्षाला बसता येतं का? शेवटच्या सेमिस्टरला काय घ्यावं?

प्रतिसाद 1
बहुतेक वेळा नाही. क्रेडिट्स स्वीकारणं वेगळं आणि ती पदवीच्या अटींत बसणं वेगळं. समजा 60 स्वीकारली, पण त्यातली 35 फ्री इलेक्टिव्ह (कोणताही ऐच्छिक विषय) म्हणून टाकली आणि त्या मेजरमध्ये (पदवीच्या मुख्य विषयात) फ्री इलेक्टिव्हला जागाच 12 क्रेडिट्सची असेल, तर 23 ट्रान्सक्रिप्टवर नुसती दिसतील. म्हणून ‘किती घेता?’ असं विचारू नका. ‘या मेजरचं डिग्री ऑडिट काढून द्या, कोणता विषय कोणत्या रकान्यात बसतो ते दाखवा’ असं विचारा. शिवाय बॅचलर्सच्या एकूण 120 पैकी साधारण 30 क्रेडिट्स त्याच विद्यापीठात करावी लागतात आणि वरच्या पातळीच्या विषयांची अट वेगळी असते. कम्युनिटी कॉलेजचे विषय त्यात सहसा धरत नाहीत.

खरी अडचण गणिताची. एएएसमधलं ‘टेक्निकल मॅथ’ इंजिनिअरिंगला चालत नाही. कॉलेज अल्जिब्रा, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस 1, कॅल्क्युलस 2 ही साखळी आहे, एक झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही. कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्सही त्यामागेच अडकतं. साखळी शून्यापासून सुरू झाली तर इतर कितीही क्रेडिट्स मिळाली तरी दोन वर्षांत पदवी होत नाही. शेवटच्या सेमिस्टरला मोकळी जागा असेल तिथे गणितच घ्या. मात्र एएएसच्या बाहेरचा विषय वाढवण्याआधी सल्लागाराशी बोला.

प्रतिसाद 2
मेजर कोणतं, यावर बरंच ठरतं. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी या दोन वेगळ्या पदव्या आहेत, एबेटची (इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यताही वेगवेगळ्या आयोगांकडून मिळते. टेक्नॉलॉजीच्या पदवीत तुमचे सर्किट्स, पीएलसी (यंत्रं चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर) वगैरे विषय जास्त प्रमाणात बसतात. बीएएसमध्ये (बॅचलर ऑफ अप्लाइड सायन्स) तर अनेक ठिकाणी तांत्रिक क्रेडिट्सचा अख्खा गठ्ठाच धरतात. पण पुढे पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परवाना हवा असेल तर आधी त्या राज्याचा नियम वाचा. काही राज्यांत टेक्नॉलॉजीच्या पदवीला जास्त वर्षांचा अनुभव मागतात, काही ठिकाणी ती चालतच नाही.

दोन्ही कॉलेजांमध्ये आर्टिक्युलेशन करार (कोणते विषय कशाऐवजी धरायचे हे आधीच ठरवणारा) आहे का ते बघा. असेल तर तो *तुमच्या* एएएसचा आणि *तुमच्या* कॅटलॉग वर्षाचा (ज्या वर्षीचे नियम तुम्हाला लागू आहेत त्याचा) हवा, शेजारच्या प्रोग्रामचा उपयोगी नाही.

प्रतिसाद 3
कागद आत्ताच जमवा. प्रत्येक तांत्रिक विषयाचा सिलॅबस हवा: आठवड्यागणिक धडे, पाठ्यपुस्तक, लॅबचे तास. कॅटलॉगमधल्या चार ओळींवरून समतुल्यता ठरवायची झाली तर अधिकारी सोपा मार्ग घेतो आणि इलेक्टिव्ह लिहून टाकतो. निकाल पटला नाही तर सिलॅबस घेऊन त्या विषयाच्या विभागाकडे अपील करा. प्रवेश कार्यालय फक्त नोंद करतं.

‘सी’च्या खालची ग्रेड सहसा जात नाही. जीपीए (ग्रेड्सची सरासरी) तर बहुतेक ठिकाणी नव्याने सुरू होतो. कॉलेज क्वार्टर पद्धतीचं (सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांचं) असेल तर क्रेडिट्सना दोन तृतीयांशाने गुणा. 5 ची 3.33 होतात, आणि 4 क्रेडिट्सचा विषय समोर असेल तर तो अपुरा ठरू शकतो.

प्रतिसाद 4
एफ-1 चं: नव्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं की जुन्या कॉलेजच्या डीएसओकडून (परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणारा अधिकारी) सेविस रेकॉर्डची (सरकारी प्रणालीतली तुमची विद्यार्थी नोंद) रिलीज तारीख ठरवून घ्या. त्या तारखेनंतर जुन्या कॉलेजचा ताबा संपतो, म्हणून शेवटच्या ग्रेड्स लागण्याआधीची तारीख ठेवू नका. एएएसनंतर 12 महिन्यांचा ओपीटी (शिक्षणाशी संबंधित कामाची परवानगी) घेतला तरी बॅचलर्सनंतर पुन्हा 12 महिने मिळतात, कारण पदवीची पातळी वाढते. स्टेम मुदतवाढ (विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या पदवीवर ओपीटीला मिळणारी) मात्र एएएसवर मिळत नाही, बॅचलर्स लागतंच.