आधी गळती शोधा, कॉम्प्रेसरचं नंतर बघू

रात्री लावलेली एअर सस्पेन्शनची टोयोटा प्राडो सकाळी मागून उजवीकडे बसलेली असते आणि मेकॅनिक थेट नवा कॉम्प्रेसर टाका म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबा. कॉम्प्रेसर फक्त हवा भरतो. उभी गाडी रातोरात एका बाजूला बसते म्हणजे हवा गळतेय. संशय त्या बाजूच्या एअर बॅगवर (स्प्रिंगच्या जागी गाडीचं वजन पेलणारी हवेची रबरी पिशवी), पाइपच्या जोडावर, नाहीतर व्हॉल्व्हवर.

तपासायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे. पण जॅकवर चाक लोंबकळत ठेवून बघू नका. बॅग ताणली जाते, आतला दाब उतरतो आणि बारीक चीर बुडबुडे काढतच नाही. गाडी पिटवर घ्या, वजन चाकांवरच राहू द्या, सस्पेन्शनचा स्विच बंद करा आणि चॅसिसखाली थोडी फट ठेवून स्टँड लावा. स्टँडशिवाय हात घालायचा नाही, बॅग फुटली तर बॉडी क्षणात अंगावर येते. रबर तळाशी जिथे आत दुमडतं तिथे फेस भरपूर लावा, चिरा बहुधा त्या घडीतच पडतात. बॅगमध्ये काही नाही सापडलं तर जोड आणि व्हॉल्व्ह बघा.

गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. म्हणजे नवा टाकलात तरी तोही जाणार. गळती थांबल्यावर रिले (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि ड्रायर (हवेतला ओलावा शोषणारा भाग) तपासा, मग जुना कॉम्प्रेसर दाब देतो का ते बघा.

आणि बॅग बदललीत तर हवा भरल्याशिवाय गाडी जॅकवरून उतरवू देऊ नका, नवी बॅग तिथेच चिमटते.