मोकळ्या पाण्यातले पोहणे : विहीर, नदी आणि समुद्रातले अनुभव

पोहण्याइतका सर्वांगाला राबवणारा आणि तितकाच आनंद देणारा व्यायाम दुसरा नाही, असे चाळीस वर्षांच्या सवयीनंतर माझे मत झाले आहे. तरण तलावातल्या पोहण्याविषयी बरेच लिहिले जाते. मला मात्र मोकळ्या पाण्यात पोहणाऱ्यांचे अनुभव एकत्र हवे आहेत. तिथे नुसते हातपाय मारता येऊन भागत नाही, ते पाणी ओळखावे लागते, आणि ही ओळख पूर्वी घरातले किंवा गावातले कोणीतरी मोठे माणूस करून देत असे. आता विहिरी आटल्या, नद्या नासल्या आणि ओळख करून देणारी माणसेही विरळ झाली. म्हणून आपण कुठे शिकलात, कोणी शिकवले, कोणत्या पाण्याने काय शिकवले, हे सविस्तर लिहावे. फसलेले प्रसंगही लिहावेत, कारण त्यांचा उपयोग अधिक होतो.

सुरुवात माझ्यापासून करतो. तासगाव तालुक्यात आमच्या मळ्यात चिरेबंदी विहीर होती. एका अंगाला पायऱ्या आणि दुसऱ्या अंगाला मोटेची धाव, म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट. मोट बंद पडून तिथे इंजिन बसले, तरी धाव तशीच होती. मी आठ वर्षांचा असताना मे महिन्यात थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, माझ्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधला आणि कमरेला मोटेचा जुना सोंदूर, म्हणजे दोर. पांगाऱ्याचे लाकूड वाळले की इतके हलके होते की लहान मूलही ते एका हाताने सहज उचलते, आणि पाण्यात ते बुडत नाही. दोराचे टोक हातात धरून आण्णा तिसऱ्या पायरीवर बसत आणि 'पाय मार, पाय मार' एवढेच म्हणत. पुढे मला कळले की दर दोन दिवसांनी ते रात्री करवतीने त्या बिंड्याची दोन बोटे लांबी कमी करत होते. पंधराव्या दिवशी पाठीवर उरला होता तो वीतभर तुकडा, आणि त्याच्या जोरावर मी तरंगत नव्हतोच.

सूर किंवा मुटका मारण्याआधी आण्णा स्वतः पायऱ्यांनी उतरून विहिरीचा तळ पायाने चाचपत. इंजिनाच्या पाइपाच्या टोकाला असलेला फुटबॉल (पाण्यात बुडालेली झडप, फूट व्हॉल्व्ह) कोणत्या कोपऱ्यात आहे, रात्रीच्या उपशाने पाणी किती खाली गेले, कपारीतला दगड सुटला आहे का, हे पाहिल्यावरच ते धावेवरून उडी मारायला हात वर करत. उन्हाळ्यात विहिरीचे वरचे हातभर पाणी कोमट असते आणि त्याखाली एकदम गार. उडी मारणारा त्या गार थरात शिरला की छाती आवळते आणि श्वास आत ओढला जातो. त्यासाठी आधी नाकातून श्वास सोडत खाली जायचे, हे त्यांनी मला पहिल्याच उडीच्या वेळी सांगितले होते.

कोल्हापूर, निवृत्त शिक्षक

पहाटे तालमीत जोर-बैठका काढून, अंगाला लागलेली माती तशीच घेऊन आम्ही पंचगंगेच्या घाटावर जात असू. दगडी पायऱ्यांवरून सूर मारून पलीकडचा काठ गाठायचा आणि परत यायचे, हा आमचा रोजचा व्यायाम होता. नदी कापताना एक गोष्ट वस्ताद पहिल्या दिवशीच बजावत: समोरच्या काठाकडे सरळ तोंड करायचे नाही. प्रवाह आपल्याला खाली नेणारच, म्हणून जिथे पोहोचायचे त्याच्या बरेच वरचे झाड नजरेत धरून तिरके जायचे. हा हिशेब चुकलेला माणूस घाटाच्या खाली चिखलात जाऊन लागे, आणि तिथून अनवाणी परत चालत येणे ही पोहण्यापेक्षा मोठी शिक्षा असे.

भोवऱ्यात सापडलो तर त्याच्याशी झगडू नये, असेही ते सांगत. मी एकदाच सापडलो, ऑगस्टमध्ये, पाणी गढूळ आणि वाढते असताना. घाबरून मी वर येण्याची धडपड केली आणि दमलो. मग अंग सैल सोडल्यावर पाण्यानेच मला बाजूला काढले. ते माझे नशीब होते. पुराच्या पाण्यात उतरणे हा मर्दपणा नाही, हे मी पुढे प्रत्येक वर्गात सांगितले. पुरात झाडांचे बुंधे आणि तारा वाहत येतात, त्या पोहणाऱ्याला दिसतही नाहीत.

आज मी पंचगंगेत उतरत नाही. सांडपाणी मिसळून तिचे जे झाले आहे, ते रोज तिच्या काठी फिरणाऱ्या माणसाला लिहवत नाही. ज्या शहराने वीरधवल खाडेसारखा जलतरणपटू दिला, ज्याने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि जलतरणात भारताला २४ वर्षांनी आशियाई पदक मिळवून दिले, त्या शहरातल्या मुलांना आपल्या नदीत पोहता येऊ नये, याचे मला मनापासून दुःख होते.

जत, शेतकरी

विहिरीविषयी वाचून एक गोष्ट तातडीने लिहावीशी वाटली. शेततळे हे पोहण्याचे ठिकाण नाही. वरून ते उथळ आणि निवांत दिसते, पण त्याच्या उतारावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो की उत्तम पोहणाऱ्यालाही काठ धरून वर येता येत नाही. हात ठेवायला खाच नाही आणि पाय रोवायला पायरी नाही. माझा पुतण्या असाच उतरला होता आणि गुरांचा कासरा टाकून त्याला ओढून काढले. त्या दिवसापासून आमच्या तळ्याच्या चारी बाजूंना खुंटे रोवून गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडले आहेत, आणि भोवती कुंपण आहे. ज्यांच्याकडे शेततळे आहे त्यांनी एवढे तरी करावे.

अलिबाग, लेखापाल

आमच्याकडे समुद्रात पोहायला जाण्याआधी घड्याळ नंतर आणि पंचांग आधी पाहतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्याचाच हा हिशेब आहे आणि तो मला वडिलांनी बोटांवर करायला शिकवला. मी पूर्ण भरतीच्या तासभर आधी उतरतो आणि भरती ओसरू लागायच्या आत बाहेर येतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीला जाणे म्हणजे वाहत्या नदीच्या तोंडी उभे राहण्यासारखे आहे, आणि उधाणाच्या दिवसांत तर तिथे पाऊल ठेवू नये.

पर्यटकांना ज्या जागेचा मोह पडतो तीच सर्वांत वाईट असते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला एक पट्टा शांत, जरा गडद दिसतो. तिथे लाटा फुटत नाहीत, कारण तिथून पाणी आत परत जात असते. त्या ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारणारा माणूस जागच्या जागी दमतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला निघावे आणि मग लाटांबरोबर बाहेर यावे. मी हे दोनदा अनुभवले आहे आणि दोन्ही वेळा वडिलांचे शब्द आठवल्यामुळेच डोके ठिकाणावर राहिले.

पुणे, बँकेतून निवृत्त, वय ५८

मी पोहायला शिकले ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, गुडघेदुखीमुळे. गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहिल्यावर पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा भाग येतो, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा खरे वाटले नव्हते. पाण्यात गेल्यावर दहा वर्षांनी पहिल्यांदा न दुखता पाय उचलला गेला. पुढे मैत्रिणींच्या आग्रहाने मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत मी दोन किलोमीटरसाठी नाव दिले.

तलावात तळाशी काळी रेघ असते, तिच्यावरून सरळ जाता येते. समुद्रात खाली हिरवट अंधार आणि वर आपल्याच टोप्यांची गर्दी. दर आठ-दहा हातांनी डोके उचलून खुणेचा फुगा शोधायचा, असे शिकवले होते. पण मी डोके उचलले की नेमकी लाट समोर यायची आणि फुगा दिसायचा नाही. शेवटी मी लाटेच्या माथ्यावर असतानाच मान वर करायची, हे जमवले आणि मग लय सापडली. खाऱ्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा थोडी जास्त, म्हणून अंग अलगद वर राहते. तलावात माझे पाय बुडत, इथे ते आपोआप पृष्ठभागावर आले. अर्ध्या वाटेवर दंडाला चटका बसला आणि तांबडे वळ उठले. तिथल्या होडीवाल्या काकांनी 'झार लागली' (म्हणजे जेलीफिश) असे सांगून समुद्राच्याच पाण्याने हात धुवायला लावला आणि चोळू दिले नाही. काखेत आणि मानेवर पेट्रोलियम जेली लावायला मी विसरले होते, त्यामुळे घासून झालेल्या जखमा मात्र आठवडाभर झोंबत राहिल्या.

बाहेर आले तेव्हा वाळूवर पाय टेकेनात, इतके ते लटलटत होते. सुनेने टॉवेल पांघरला आणि माझा नातू 'आजी, तू किती वेळ आत होतीस!' असे परत परत म्हणत राहिला.

लंडन, मूळ नागपूर

हॅम्पस्टेड हीथवर पोहण्यासाठी नैसर्गिक तळी आहेत, त्यांपैकी एक केवळ स्त्रियांसाठी आहे. दारातल्या फळ्यावर जीवरक्षक रोज पाण्याचे तापमान लिहितात. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मला १२ अंश हा आकडाच अंगावर काटा आणत असे. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. म्हणून उतरताना पहिला मिनिटभर पोहायचे नाही, शिडी धरून केवळ श्वास सोडत राहायचे, हे इथल्या वयस्क बायकांनी मला शिकवले. बाहेर आल्यावर अंग आणखी काही मिनिटे गार होतच जाते, आणि चक्कर येते ती त्या वेळी. पहिल्या हिवाळ्यात मी कोरडे कपडे घालण्याआधी गप्पा मारत उभी राहिले आणि बाकावर कोसळले. आता आधी लोकरीची टोपी, मग सदरा, मग थर्मासमधला आल्याचा चहा, गप्पा त्यानंतर.

इथेच मला आरती साहा यांचे मोठेपण खऱ्या अर्थाने कळले. मिहिर सेन यांनी १९५८ मध्ये इंग्लिश खाडी पार केली आणि पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, आरतीताई ती पार करणाऱ्या पहिल्या आशियाई स्त्री ठरल्या. अरुंद जागीही ते अंतर तेहतीस-चौतीस किलोमीटर आहे आणि पाणी असेच गार. मी वीस मिनिटांत थरथरत बाहेर येते, तेव्हा त्यांची आठवण होते.

सातारा, शासकीय सेवेत

लहानपणी पोलिओ झाल्याने माझा डावा पाय बारीक आहे आणि तो भार घेत नाही. मैदानावरच्या प्रत्येक खेळात मी काठावर बसून कपडे सांभाळत असे. मुरलीकांत पेटकर यांच्याविषयी वडिलांनी मला सांगितले: १९६५ च्या युद्धात जखमी झालेला हा सांगली जिल्ह्यातला जवान १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आला. त्याच आठवड्यात वडील मला कृष्णेवर घेऊन गेले.

पायाचा जोर नसल्याने मी एका बाजूला वळत असे. वडिलांनी उजवा हात थोडा आखूड मारायला लावला आणि महिनाभरात मी सरळ जाऊ लागलो. पाण्यात माझ्या वयाची मुले माझ्या मागे राहत होती. आज माझे खांदे आणि पाठ दणकट आहेत, कुबडीचा भार त्यामुळेच पेलतो. आठवड्यातून चार दिवस पहाटे पोहतो. नदीत उतरण्याची जागा दगडांनी खडबडीत असल्याने पाण्यापर्यंत मी बसून सरकत जातो आणि त्यात मला संकोच वाटत नाही.

पुन्हा तासगावहून

तिघांनी पांगाऱ्याविषयी विचारले आहे, म्हणून सांगतो. आमच्या विहिरीला आता मार्चपर्यंतच पाणी असते, पण बांधावरचे झाड आहे आणि दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी लाल फुलांनी भरते. फांदी जून असावी, तोडून सावलीत वाळवावी. उन्हात ठेवली तर तडकते. वाळवताना मधूनमधून हातात घेऊन पाहावी, वजन कमी व्हायचे थांबले की बिंडा करायला हरकत नाही. नवे झाड हवे असेल त्यांनी पावसाच्या सुरुवातीला मनगटाएवढी फांदी बांधावर खोचून ठेवावी, ती फुटते. जूनमध्ये मी आमच्या झाडाच्या फांद्या छाटणार आहे. ज्यांना हव्या असतील त्यांच्यासाठी बाजूला ठेवीन.