व्हाइट गोल्डच्या अंगठीला जोड म्हणून लग्नाच्या वाढदिवसाची अंगठी: धातू कोणता घ्यावा?

विलेपार्ले_पूर्व:
डिसेंबरमध्ये लग्नाला १० वर्षं होतील. बारीक हिऱ्यांची पट्टीसारखी एक अंगठी करायची आहे. सध्याच्या अंगठ्या अशा:
साखरपुड्याची: व्हाइट गोल्ड, आत ७५० चा शिक्का, एकच खडा, ०.३० कॅरेट. खालच्या बाजूने आता पिवळसर दिसते.
लग्नाची: २२ कॅरेट, साधी गोल, ४ ग्रॅम.
बोटाचा नंबर १३. तिन्ही एकाच बोटात घालायचा विचार आहे. दादरला एकाने प्लॅटिनम सांगितलं, दुसऱ्याने १८ कॅरेट व्हाइट गोल्ड, झवेरी बाजारात तिसऱ्याने रोझ गोल्ड. प्रत्येकाचं कारण एकच, "छान दिसेल". रोज घालायची आहे, लोकलचा प्रवास आहे, स्वयंपाकही आहे. रंगापलीकडे काय बघायचं?

कसोटी:
रंग शेवटी बघा. एकाच बोटातल्या अंगठ्या दिवसभर एकमेकींवर घासतात, त्यामुळे आधी बघायचा तो कठीणपणा.

त्याआधी तुमची जुनी अंगठी नक्की कशाची आहे ते कळायला हवं. ७५० म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, एवढंच. उरलेल्या २५० भागांत सोन्याला पांढरं करणारा धातू निकेल आहे की पॅलेडियम, हे शिक्का सांगत नाही आणि तुमचा सगळा निर्णय त्यावरच आहे. कॅरेटमीटर, म्हणजे क्ष-किरणांनी मिश्रण वाचणारं यंत्र, त्यावर धरून आकड्यांचा कागद मागून घ्या. मात्र ते यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. वर रोडियमचा (चकचकीत पांढरा धातू) मुलामा असेल तर आकडे चुकतात. म्हणून जिथे पिवळसर दिसतंय तिथेच, म्हणजे तळव्याच्या बाजूला, वाचायला सांगा. बीआयएसमान्य (भारतीय मानक ब्युरो) हॉलमार्किंग केंद्रात ग्राहकालाही शुद्धता तपासून मिळते. चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये शुल्क आहे.

पिवळेपणाने घाबरू नका, सोनं खोटं नाही. व्हाइट गोल्ड मुळातच किंचित पिवळट असतं, शुभ्र दिसतो तो रोडियम. तळव्याकडून तो आधी उडतो, कारण लोकलचा दांडा, कढईचा कान, पिशवीचा बंद, सगळं तिथेच घासतं.

आता कठीणपणा. व्हिकर्स मोजमापात (आकडा मोठा तेवढा धातू कठीण) निकेलवालं १८ कॅरेट व्हाइट गोल्ड २०० च्या वर जातं. १८ कॅरेट पिवळं १२५ ते १६०. पीटी ९५०, म्हणजे हजारात ९५० भाग प्लॅटिनम, उरलेले पाच टक्के रुथेनियम असेल तर १३० च्या आसपास, इरिडियम असेल तर ८० च्या आसपास. २२ कॅरेट या सगळ्यांत मऊ. म्हणजे तुमच्या तिघींत लग्नाची अंगठी सर्वांत आधी झिजणार. ४ ग्रॅमची साधी अंगठी दोन कठीण अंगठ्यांच्या मधे बसली की दोन्ही कडांनी खाल्ली जाते. ती दुसऱ्या हातात घाला. याला पर्याय नाही.

नव्या पट्टीसाठी: जुनी निकेलवाली निघाली तर नवीही १८ कॅरेट व्हाइट गोल्डचीच करा, शक्यतो त्याच जातीच्या मिश्रणात. मग दोन्ही एकत्र रोडियमला देता येतात आणि रंगात फरक राहत नाही.

टंच_९१६:
@कसोटी शी बहुतांश सहमत, पण प्लॅटिनम इतक्या लवकर बाद करू नका. जुनी पॅलेडियमवाली निघाली तर दोघांचा कठीणपणा जवळपास येतो आणि जोडी चालते. झिजण्याची रीतही वेगळी आहे. सोन्यावर चरा पडला की कण निघून जातो. प्लॅटिनम बहुतेक वेळा बाजूला सरकतं, वजन फारसं घटत नाही. पण चकाकी जाऊन वर राखाडी, धुरकट छटा येते. रोडियम केलेल्या लखलखीत अंगठीशेजारी ती छटा लगेच डोळ्यांत भरते, आणि मग लोक प्लॅटिनमलाही रोडियम चढवायला सांगतात. मग प्लॅटिनम घेतलं कशाला?

वजनाचा हिशेब करून जा. १३ नंबर म्हणजे आतला घेर साधारण ५३ मिमी. २.५ मिमी रुंद, १.६ मिमी जाड सपाट पट्टी धरली तर १८ कॅरेटमध्ये सुमारे ३.६ ग्रॅम, २२ कॅरेटमध्ये ४.१, प्लॅटिनममध्ये ४.८ ग्रॅम भरते. प्लॅटिनमचा ग्रॅमचा दर सोन्याहून कमी दिसला तरी तोच घाट केला की वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढतं, घडणावळही जास्त लागते. आणि मोडीला परत काय भाव देणार ते घेतानाच लिहून घ्या. प्लॅटिनमला सोन्यासारखा गल्लोगल्ली गिऱ्हाईक नाही.

दुरुस्तीचंही तसंच. प्लॅटिनम १७६८ अंशाला वितळतं, सोनं १०६४ ला. रोजच्या सोनाराच्या फुंकणीवर ते काम होत नाही. कानशी आणि पॉलिशची चाकंही वेगळी लागतात. सोन्याचा कीस प्लॅटिनमवर राहिला आणि तापवला तर तो आत मुरतो, खड्डे पडतात. तेव्हा "नंबर वाढवायचा झाला तर इथेच करता की बाहेर पाठवता?" हे आधी विचारा. लेझर वेल्डिंग असेल तर उत्तम, खडे काढावे लागत नाहीत.

विलेपार्ले_पूर्व:
धन्यवाद. लग्नाची उजव्या हातात घालेन. दोन शंका. पावसाळ्यात साखरपुड्याच्या अंगठीखाली खाज येते, तो निकेलचा प्रकार असेल का? आणि रोझ गोल्ड कुणी बोललंच नाही.

मोजूनमापून:
खाजेचं: अंगठीखाली साबण-पाणी अडकूनही चामडी लाल होते. फरक ओळखायची खूण अशी, की घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल, जीन्सचं बटण, स्वस्तातली कानातली यांनीही तिथेच खाज येत असेल तर निकेलचा संशय घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी तपासणं) करून घ्या. रोडियम शाबूत असेपर्यंत निकेल त्वचेला लागत नाही, म्हणून काही जणांना त्रास वर्ष-दोन वर्षांनी सुरू होतो. निकेलची ॲलर्जी निघाली तर "त्याच जातीचं मिश्रण" हा वरचा सल्ला विसरा. पॅलेडियमवालं व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनम घ्या, आणि जुन्या अंगठीला रोडियम वेळेवर करत राहा. नुसता फ्लॅश, म्हणजे अगदी पातळ थर, मारून देतात तो लवकर उडतो. अर्धा ते एक मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) मागा. त्याहून जाड मागण्यात अर्थ नाही, थर तडकतो.

रोझ गोल्डमध्ये लालसरपणा तांब्याचा. १८ कॅरेटमध्ये ७५ भाग सोनं, २०.५ तांबं, ४.५ चांदी असेल तर चांगला लाल, तांबं १६ आणि चांदी ९ असेल तर फिकट गुलाबी. पेढीगणिक छटा बदलते. टिकायला काही वाईट नाही, मुलाम्याची कटकटही नाही. रंग मुद्दाम वेगळाच ठेवायचा असेल तर खुशाल घ्या. पांढऱ्याशी जुळवायचा अर्धवट प्रयत्न करण्यापेक्षा सरळ वेगळा रंग बरा दिसतो, हे माझं मत.

कसोटी:
एक मोठी गोष्ट राहिली. धातूपेक्षा जास्त नुकसान हिरे करतात. नव्या पट्टीतले खडे नख्यांत बसवले आणि त्यांची कड बाजूला डोकावली, तर ती शेजारच्या अंगठीला करवतीसारखी कापते. मग धातू कितीही जुळवा. खडे दोन भिंतींमधल्या खाचेत बसवायला सांगा, ज्याला दुकानात चॅनल म्हणतात. बाजूची भिंत निदान अर्धा मिमी हवी. तयार अंगठीच्या कडेवरून नख फिरवा, खडा लागला तर परत द्या.

अंगठ्या चिकटून बसतात का तेही बघा. साखरपुड्याच्या अंगठीच्या बाजूला स्टीलची मोजपट्टी उभी लावा. मोजपट्टी आधी कोंदणाला टेकली आणि खाली फट राहिली, तर नवी सरळ अंगठी तिच्याशेजारी नीट बसणार नाही. तिथे कोंदणापुरती कमान द्यावी लागते, आणि त्यासाठी जुनी अंगठी कारागिराकडे ठेवावी लागते. फोटोवरून कमान बरोबर येत नाही. ठेवताना वजन, शिक्का आणि खड्याचं माप पावतीवर लिहून घ्या.

कमान नको असेल तर मधे १ ते १.२ मिमीची साधी अंगठी घाला, त्याच १८ कॅरेटची. झीज ती सोसेल, पुढे बदलायला स्वस्त पडेल.

दोन्ही अंगठ्या डाख देऊन कायमच्या जोडून टाका, असं कुणी सुचवेल. धातू वेगळे असतील तर करू नका. सांध्याची रेघ दिसते आणि नंबर बदलताना दोन्ही अडकतात.

मोजूनमापून:
नंबरचं: दोन अंगठ्या शेजारी म्हणजे बोटाला एक रुंद अंगठी. साडेपाच-सहा मिमी एकूण रुंदी झाली की १३ घट्ट वाटेल, १४ लागू शकतो. एका नंबरला घेर १ मिमीने वाढतो. माप संध्याकाळी द्या, मापाच्या दोन कड्या एकदम घालून. सकाळी एसी दुकानात घेतलेलं माप मे महिन्यात रडवतं.

अंगठीच्या पूर्ण घेरात हिरे बसवू नका. नंबर बदलता येत नाही आणि तळव्याकडचे खडे लोकलच्या दांड्यावर आपटतात. वरच्या अर्ध्या भागात २ मिमीचे १४ च्या आसपास खडे बसतात, प्रत्येकी सुमारे ०.०३ कॅरेट. खालचा भाग कोरा ठेवा, जाडी दीड मिमीच्या खाली नको.

आणि कणीक मळताना काढून ठेवा. खाचेत पीठ बसलं की हिरा आंधळा दिसतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटं भिजवून मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासा. ब्लीच किंवा तरणतलावाचं पाणी निकेलवाल्या व्हाइट गोल्डला लागू देऊ नका. क्लोरीनने नख्या आतून चिरतात, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस खडाच गायब.

विलेपार्ले_पूर्व:
कॅरेटमीटरचा कागद मिळाला. पॅलेडियम आहे, निकेल शून्य. म्हणजे खाज साबणाचीच. १८ कॅरेट व्हाइट गोल्ड, पॅलेडियमवालं, खडे चॅनलमध्ये, फक्त वरच्या अर्ध्या भागात, असं सांगतेय. बिलात काय तपासू?

टंच_९१६:
ऑर्डरच्या पावतीवरच "पॅलेडियम मिश्रण, निकेल नाही" लिहून घ्या आणि अंगठी हातात आल्यावर, रोडियम चढवायच्या आधी, पुन्हा मीटरवर धरा.

अंगठीत आत तीन खुणा हव्यात: बीआयएसचं चिन्ह, १८के७५०, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख-क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्क दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाका. दागिन्याचा प्रकार "अंगठी" आणि शुद्धता जुळली पाहिजे. तुमची जुनी त्याआधीची आहे, तिच्यावर एचयूआयडी नसणं साहजिक आहे.

बिलात सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्यांचं वजन वेगळं हवं. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. वरचे १४ खडे धरले तर तुमचे ०.४२ कॅरेट म्हणजे ०.०८४ ग्रॅम, तेवढे सोन्याच्या भावात लावू देऊ नका. दर १८ कॅरेटचा लावलाय ना ते बघा, घडणावळ टक्क्यांत की ग्रॅममागे ते विचारा, हॉलमार्कचे ४५ रुपये वेगळे, आणि जीएसटी ३ टक्के. रोडियम पहिल्या वेळी फुकट आहे का ते विचारा. पुढच्या वेळी दोन्ही अंगठ्या एकाच दिवशी, एकाच कारागिराकडे द्या, नाहीतर एक निळसर आणि एक राखाडी होऊन येते.