डोंगरातल्या द्राक्षमळ्यांच्या उत्तम वाइन्स: चाखायच्या कशा, पारखायच्या कशा?

पानगळ
आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून तीन बाटल्या उघडणार आहोत. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ माउंटन्समधली रिज या वाइनरीची 'मॉन्टे बेलो', तिथल्याच नापातल्या हॉवेल माउंटनवरची एक कॅबर्ने सोव्हिन्यों आणि अर्जेंटिनाच्या उको खोऱ्यातली माल्बेक (ही दोन्ही द्राक्षाच्या जातींची नावं). तिन्ही तरुण आहेत, अलीकडच्याच हंगामांच्या. वाइन आम्हाला नवी नाही, पण या तोडीच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून कधी चाखलेल्या नाहीत. डोंगरातली म्हणून पेल्यात नेमकं काय शोधायचं? आणि 'मला आवडली' याच्या पुढे जाऊन 'ही उत्तम आहे' असं कशावरून म्हणायचं? डिकँटर (वाइन ओतून हवा लागू द्यायचं काचेचं भांडं), तापमान, क्रम, सगळ्यावर सल्ला हवा आहे.

कातळ
आधी कारण समजून घ्या, मग जिभेला काय शोधायचं ते आपोआप कळतं. दर १०० मीटर उंचीला हवा साधारण ०.६ अंशाने थंड होते आणि अतिनील किरण वाढत जातात. उतारावरची माती पातळ, पाणी टिकत नाही. त्यामुळे मणी लहान राहतात, साल जाड होते. रसाच्या मानाने साल जास्त, म्हणजे रंग जास्त आणि टॅनिनही, म्हणजे सालीतला तुरट घटकही, जास्त. तेव्हा पहिल्या घोटाला वाइन तोंड आवळणार हे गृहीत धरा आणि तेवढ्यावरून तिला नापास करू नका.

तुरटपणा किती आहे यापेक्षा कसा आहे ते बघा. चांगल्या डोंगरी वाइनचं टॅनिन बारीक दाण्याचं असतं, जिभेवर आणि हिरड्यांवर सारखं पसरतं आणि त्याच्या आत फळाची चव जिवंत राहते. फार उकळलेल्या चहासारखं नुसतं कोरडं, कडवट वाटलं आणि फळ गायब झालं, तर तिथे गुण कापा. कॅबर्नेत कच्च्या भोपळी मिरचीचा वास फार पुढे आला तर द्राक्ष पुरतं पिकलं नसावं. ओझरता असेल तर मात्र तो दोष नाही, त्या जातीचा स्वभावच आहे.

मग आम्लता. घोट थुंकल्यावर गालांच्या आतून लाळ सुटते का, किती वेळ सुटत राहते, हे बघा. आणि शेवटी लांबी. तोंड रिकामं झाल्यावर चव किती सेकंद टिकते ते मोजा, पण मोजायची ती फळाची, मातीची, मसाल्याची चव. अल्कोहोलची जळजळ आणि टॅनिनचा कोरडेपणा त्यात धरायचा नाही. माझ्या लेखी दर्जाची सगळ्यात खरी कसोटी हीच.

अबोली
कातळ यांच्याशी सहमत, फक्त एक भर. 'डोंगर म्हणजे थंड रात्री' हे सूत्र तिन्ही बाटल्यांना लावू नका. उको खोऱ्यात ते लागू पडतं, तिथले बरेच मळे १००० मीटरच्या वर आहेत आणि रात्री चांगल्याच गार होतात. पण हॉवेल माउंटन हे नाव लावायला मळा १४०० फुटांच्या वर लागतो, म्हणजे खाली दरीत साचणाऱ्या धुक्याच्या वर. तिथे दिवस दरीपेक्षा थंड आणि रात्री उलट उबदार असतात. त्या वाइनचा कणखरपणा मुख्यतः गरीब मातीतून येतो. मॉन्टे बेलोच्या खाली चुनखडी आहे, आणि तिच्यात मला नेहमी फळापेक्षा तो ताठ कणा आधी जाणवतो.

शिवाय रिज प्रामुख्याने अमेरिकन ओक लाकडाची पिंपं वापरते. व्हॅनिला, नारळ असा गोडसर वास आला तर तो पिंपाचा, डोंगराचा नव्हे. वहीत दोन्ही वेगळे लिहा.

जुना बुधला
बाटल्या कागदी पिशव्यांत घाला आणि क्रमांक टाका, नाहीतर सगळे लेबलच चाखतील. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या वाइन व्यापाऱ्याने लेबलं झाकून घेतलेल्या चाचणीत मॉन्टे बेलो १९७१ पाचवी आली होती. २००६ साली त्याच वाइन्स पुन्हा चाखल्या तेव्हा तीच पहिली आली. तरुणपणी आवळून बसलेली वाइन तीस वर्षांनी काय होऊ शकते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की सगळी बाटली डिकँटरमध्ये ओतू नका. अर्धी ओता, अर्धी बाटलीतच राहू द्या. उघडल्याबरोबर एकदा चाखा, तासाभराने पुन्हा, आणि थोडी बूच लावून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. दुसऱ्या दिवशी जी आणखी उलगडते तिच्यात दम आहे. जी सपाट पडते तिचा दिमाख पहिल्या तासापुरताच होता.

तापमान १६ ते १८ अंश. त्याहून गरम झाली की अल्कोहोल नाकात जातं, फार गार असली की टॅनिन आणखी टोचतं. पेला ट्यूलिपच्या आकाराचा, ओतायची ५० मिली. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा तळघराचा वास आला तर ती बूच बिघडलेली बाटली. तिला गुण देऊच नका, बाजूला ठेवा.

पानगळ
खूप मोलाचं मिळालं, मनापासून आभार. पिशव्या आणि अर्धी-अर्धी हे नक्की करतो. पण क्रम कसा ठेवू? तिन्ही लाल आणि तिन्ही दमदार.

कातळ
माल्बेक आधी, तिचं टॅनिन बहुधा मऊ असतं. मग मॉन्टे बेलो आणि शेवटी हॉवेल माउंटन. पिशव्या भरणाऱ्या एकालाच हा क्रम माहीत असू द्या, आणि त्याने गुण द्यायचे नाहीत. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा, म्हणजे क्रमाचा परिणाम किती ते कळेल; कणखर वाइननंतर आलेली कुठलीही वाइन उगाच पातळ वाटते. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी प्या आणि थुंकायला भांडं ठेवाच. तिसऱ्या पेल्यापर्यंत सगळे गिळत राहिले तर हॉवेल माउंटनच्या गुणांना काही अर्थ उरणार नाही.

अबोली
आणि प्रत्येकाने गुण आधी लिहावेत, मग बोलावं. एकाने 'काळी मनुका' म्हटलं की सगळ्यांना तीच लागते. दुसऱ्या दिवशीचे गुण इथे जरूर टाका, विशेषतः मॉन्टे बेलोचे.