डॉक्टर म्हणाले, "दाढ काढावी लागेल." तुमच्या बाबतीत कारण काय निघालं?

नारायणपेठी:
गेल्या आठवड्यात फुटाणे खाताना खालची उजवी दाढ अशी कचकली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. नऊ वर्षांपूर्वी हिचंच रूट कॅनाल केलं होतं. दाढेवरची कॅप (टोपीसारखं आवरण) "पुढच्या महिन्यात बसवू" म्हणत राहिलो, ती राहिलीच. कर्वे रोडवरच्या डॉक्टर मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, काढावी लागेल. आई म्हणते घाई नको. शेजारचे काका म्हणतात, यांना इम्प्लांट (हाडात रोवायचा कृत्रिम दात) विकायचंय. (पेठेत मत मागावं लागत नाही.) ज्यांनी दात-दाढा काढल्यात त्यांनी लिहा, कशामुळे काढल्या आणि पुढे काय झालं?

हडपसरकर:
अक्कलदाढ, वय २३. खाली आडवी झोपलेली, पुढच्या दाढेला ढुशी देत. वर हिरडीचा पदर, त्याखाली अन्न अडकायचं आणि दर दोन महिन्यांनी गाल सुजायचा. एकदा तर तोंडात दोन बोटं जाईनात. गोळ्या घेतल्या की उतरायचं, म्हणून वर्षभर ढकललं. शेवटी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, तर पुढची चांगली दाढसुद्धा किडायला लागलेली. मग मात्र काढली, तीही तुकडे करून. टाके पडले. भूल दिल्यावर दुखलं नाही, नुसता कर्र आवाज आणि दाब.
खरी चूक नंतरची. दुसऱ्याच दिवशी सिगरेट ओढली. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका! खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलं होतं. डॉक्टरांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली, तेव्हा जीव थाऱ्यावर आला.
अक्कलदाढ म्हणजे काढायचीच, असं मात्र नाही. बहिणीच्या चारही सरळ आल्यात, तिच्या दाढांना कुणी हात लावला नाही.

सिंहगडरोडवाली:
सासूबाईंचे खालचे पुढचे चार दात काढले. एकही किडलेला नव्हता! हेच त्यांना पटेना. मधुमेह जुना, मिश्री त्याहून जुनी. हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीचं हाड हळूहळू झिजतं. दुखत नाही, म्हणून कुणी बघत नाही. दात जिभेनं हलायला लागले तेव्हा दाखवलं. "हलणारा खांब किती दिवस टेकू लावून धरायचा?" असं डॉक्टर म्हणाले. आधी साखरेचे रिपोर्ट मागितले. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती, ती परस्पर बंद करू नका म्हणून त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारायला लावलं. दात काढला की नजर जाते, हा वाद घरात आठवडाभर चालला. मोतिबिंदूचं ऑपरेशन आधीच झालं होतं, नाहीतर तोही दातांच्याच नावावर जमा झाला असता.

चिंचवडची आई:
लेकीला तारा लावायच्या होत्या, जबडा लहान नि दात मोठे. सुळ्यांमागचे चार धडधाकट दात काढले. मी रडले, ती नाही.

दोन मुलांचा बाप:
हे लिहायला लाज वाटते. मुलाची मागची दाढ काळी पडत होती. आम्ही म्हटलं, दुधाची आहे, पडेलच. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी कायमची दाढ निघाली! दुधाचा कुठलाही दात न पडता सगळ्यांच्या मागून ती गुपचूप येते, त्यामुळे कळतच नाही. पू होऊन अकराव्या वर्षी काढावी लागली. लहान मुलं असलेल्यांनी आज रात्रीच टॉर्च घेऊन बघा.

जुना_औंधकर:
मी काढली आणि जागा दहा वर्षं तशीच ठेवली. मागची दाढ खड्ड्याकडे कलली, वरची खाली उतरली. आता ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसणारा कृत्रिम दात) बसवायचा तर आधी यांना वळणावर आणा, म्हणतात.

नारायणपेठी:
सगळ्यांचे आभार. काल दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून आलो, पहिल्या मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलंच नाही. त्यांनीही तेच सांगितलं. दाढ उभी चिरलीय, चीर मुळापर्यंत गेलीय आणि तिच्या कडेनं हाड खचलंय. "मोडलेलं हाड जुळतं, मूळ जुळत नाही," असं म्हणाले. तेव्हाच कॅप बसवली असती तर बहुधा वाचली असती, हेही त्यांनी सांगितलं, मी न विचारता.
शनिवारी सकाळी १० ची वेळ घेतलीय. आई मऊ भात आणि मेतकुटाच्या तयारीत आहे. काकांना अजून सांगितलेलं नाही.